फ्राऊ मावशी आणि टायलरचं जर्मन

दर उन्हाळ्यात मी शाळेतल्या पोरांना घेऊन जर्मनीला जाते. येताना पोरांच्या बॅगा चॉकलेटांनी फुगलेल्या असतात आणि माझं डोकं किश्श्यांनी! चॉकलेटं आठवड्यात संपतात. किस्से मात्र पुढच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, वाढावे लागतात, आणि ते वाढता वाढता माझ्या ताटातला भात गार होतो.

मी फ्रिस्कोत जर्मन शिकवते हे ऐकून लोक आधी हसून घेतात. पुण्यात जर्मन शिकले, लग्न करून इथे, टेक्ससला आले आणि आता अमेरिकन पोरांना जर्मन शिकवते. आहे खरं विचित्र! त्यात वर्गातली निम्मी पोरं आपलीच. मंडळाच्या गणपतीत ती मला मावशी म्हणतात आणि वर्गात 'फ्राऊ', म्हणजे बाई, म्हणायचा नियम. दोन्हीची खिचडी होऊन माझं नाव पडलं 'फ्राऊ मावशी'.

वर्गात एक टायलर आहे. पक्का टेक्सन, सहा फूट उंच, बूट होडीएवढे. मावशी हे माझं आडनावच आहे अशी त्याची समजूत. यंदा हॉटेलच्या रिसेप्शनवर मदत म्हणून तो पुढे झाला आणि बाईंचं नाव सांगून मोकळा झाला. माझ्या किल्लीसोबत छापील कार्ड मिळालं: 'फ्राऊ मावशी'. ते आता आमच्या फ्रिजवर आहे.

* * *

टायलरची दुसरी समजूत याहून भारी.

माझं टेबल लहान, त्यावरची पुस्तकं सारखी खाली पडतात. पुस्तकाला पाय लागला की मी वाकते, हात लावते, कपाळाला लावते. शिकवणं चालूच असतं, हात आपोआप जातो. आपली पोरं डोळे फिरवतात. टायलरने मात्र हे नीट पाहून ठेवलं.

टेस्टमध्ये प्रश्न होता, 'तीन जर्मन पद्धती लिहा.' टायलरने लिहिलं: वेळेवर येतात. रविवारी आवाज करत नाहीत. छापलेल्या अक्षरांना पाय लागला तर वाकून सॉरी म्हणतात.

मी त्याला विचारलं, "हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही, बघितलं! इथे, तुमच्या क्लासमध्ये. केमिस्ट्रीत कोणीच करत नाही. मी अन्वीला विचारलं, तर ती म्हणाली, 'येस, व्हेरी जर्मन.'"

अन्वी म्हणजे मंडळातल्या माझ्या मैत्रिणीची, वैशालीची लेक. बाकाखाली डोकं घालून हसत होती कार्टी! मी टायलरला खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बेल झाली. त्यानंतर ट्रिपची तयारी सुरू झाली आणि सांगायचं राहूनच गेलं.

* * *

ट्रिपचं क्रेडिट मिळवायला एकच अट असते. प्रत्येकाने कुणातरी अनोळखी माणसाशी जर्मनमध्ये बोलायचं. खरं, पूर्ण संभाषण. इंग्रजी चालणार नाही आणि फ्राऊने मदत करायची नाही. टायलरचं वर्षभराचं जर्मन काठावर होतं. हे क्रेडिट गेलं तर वर्ष परत, आणि वर्ष परत तर फुटबॉल बंद, असं त्याच्या वडिलांनी बजावलेलं. विमानात बाकीची पोरं सिनेमे बघत होती आणि हा डोळे मिटून वाक्यं पुटपुटत होता. शेजारच्या बाईंना वाटलं, विमानाला घाबरून प्रार्थना करतोय!

* * *

मी हॉटेलात उतरते, पण पोरं तिकडे जर्मन कुटुंबांकडे राहतात. जाताना भेट न्यायची असते. वैशालीने अन्वीच्या बॅगेत पातळ पोह्यांचा चिवडा कोंबला. मला विचारलं, "जर्मन लोकांना आवडेल ना गं?" मी म्हटलं, "न आवडायला काय झालं!"

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अन्वीचा फोन. "फ्राऊ मावशी, इमर्जन्सी!"

तिच्या यजमान बाईंनी चिवडा वाडग्यात घेतला होता, वर थंडगार दूध ओतलं होतं आणि अख्खं कुटुंब चमच्याने खात होतं. बाईंना ती दुधात घालून खायची म्युस्ली वाटली होती! घाम पुसत यजमान काका म्हणाले म्हणे, "भारतीय नाश्त्याने झोप चांगली उडते."

वैशालीला हे अजून सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी ती दुप्पट चिवडा देणार आहे.

* * *

आता फ्रिस्कोत चालतं कोण? कोपऱ्यावरच्या दुकानातही आम्ही गाडीने जातो. त्यामुळे चालणाऱ्यांचा सिग्नल ही चीज पोरांना नवी. एका सकाळी रस्ता रिकामा, लांबवर गाडी नाही, सिग्नल लाल. माझ्यातली पुणेकर जागी झाली आणि मी निघाले. मागून सगळी वरात!

पलीकडे एक आजोबा हात कमरेवर ठेवून उभे. मला म्हणाले, "मुलांसमोर?"

मी खाली मान घातली. टायलरला मात्र संधी दिसली. तो पुढे झाला आणि विमानात घोकलेली माफी त्याने शुद्ध जर्मनमध्ये मागितली. आजोबांचा चेहरा खुलला. म्हणाले, "ओह, अमेरिकन! नो प्रॉब्लेम! हॅव अ नाइस डे!"

टायलर तिथेच फुटपाथवर बसला.

मग हे रोजचंच झालं. बेकरीत त्याने ब्रेड मागितला, काउंटरवरच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, "टेक्ससमध्ये कुठे? माझी कझिन ह्यूस्टनला आहे!" स्टेशनवर प्लॅटफॉर्म विचारला, तर त्या माणसाने इंग्रजीत सांगितलं आणि वर प्लॅटफॉर्मपर्यंत सोडूनही आला. टायलर रडकुंडीला आला. "फ्राऊ मावशी, हे लोक इतके चांगले का आहेत?"

* * *

एक दिवस मात्र कोणी हसलं नाही. नाझींच्या काळातल्या एका छळछावणीच्या जागी आता स्मारक आहे, तिथे गेलो होतो. परतीच्या बसमध्ये एरवी कान किटतात, त्या दिवशी इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. टायलर माझ्या शेजारी येऊन बसला.

"या लोकांना घरातून नेलं, तेव्हा शेजारी बघत होते?"

"हो," मी म्हटलं. "बरेच जण."

"आणि कोणीच काही नाही केलं?"

इतकी वर्षं ही ट्रिप नेते, हा प्रश्न दर वर्षी येतो. फार वाईट वाटलं मला त्या पोराकडे बघून.

* * *

शेवटचा दिवस. निघायला अर्धा तास आणि टायलरचं संभाषण अजून बाकीच! मी मनातल्या मनात त्याच्या वडिलांना करायचा फोन जुळवत होते.

एका शांत गल्लीत बसची वाट बघत थांबलो होतो. त्या गावात काही घरांसमोर फुटपाथमध्ये पितळी चौकोन बसवलेत, तळहाताएवढे. नाझींनी त्या घरातून ज्याला नेलं, त्याचं नाव त्यावर कोरलेलं. पोरांना म्हटलं होतं, खाली बघून चाला.

टायलर ग्रुप फोटो काढत होता. सगळे मावावेत म्हणून मागे मागे सरकला आणि त्याचा तो होडीएवढा बूट बरोबर एका चौकोनावर पडला.

त्याने खाली बघितलं. पाय झटकन उचलला. मग वाकला, त्या नावाला हात लावला आणि कपाळाला लावला.

समोरच्या दारात एक आजी झाडत होत्या. त्यांनी झाडू थांबवला आणि जर्मनमध्ये विचारलं, "काही पडलं का तुझं?"

"नाही," टायलर म्हणाला. जर्मनमध्ये! "माझा पाय लागला. इथे नाव आहे."

"मग?"

"मग मी सॉरी म्हटलं." तो जरा गोंधळला. "तुमच्याकडे असंच करतात ना?"

हे आता समजावून सांगायलाच हवं होतं. मी पुढे निघाले, तर अन्वीने माझी बाही धरली. "फ्राऊ मावशी, डोन्ट! ही इज टॉकिंग!"

आजींनी टायलरकडे बघितलं. मग त्या नावाकडे.

मग त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकल्या, त्या पितळेला हात लावला आणि कपाळाला लावला.

"हो," त्या टायलरला म्हणाल्या. "असंच करतात."