सत्कारात गेलेला तास

समुपदेशकांनी स्वतःच्या मनाची काळजी कशी घ्यावी, हे शिकवायला साताऱ्यात कार्यशाळा होती. आयोजकांना सांगलीची माणसं हवी होती. मी फोनवरच सौदा केला. गाडी भरून माणसं आणते, पण दुपारचा एक तास अवघड केसवर बोलायला हवा आणि समोर मनोविकारांचे मोठे डॉक्टर हवेत. ते हो म्हणाले. उसाच्या फडातून इथवर घासाघीस करतच आले असल्याने मी तोंडी शब्दावर जात नाही. तो तास कार्यक्रमपत्रिकेत छापून घेतला.

त्याला कारण होतं. कडेगावकडचा एक निवृत्त जवान माझ्याकडे समुपदेशनाला येत असे. उन्हाळ्यात त्याने जीव दिला. आता त्याचा धाकटा भाऊ माझ्याकडेच यायचं म्हणत होता. घ्यावं की नाही, मला ठरत नव्हतं. समोरच्या खुर्चीत तो बसला की मला कोण दिसेल, ही धास्ती. घरी बोलणं नियमात बसत नाही, आणि सांगलीत आम्ही एकमेकांसमोर हरल्याचं कबूल करत नाही. सोमवारी त्याला उत्तर द्यायचं होतं.

सकाळी दिवा लावून झाला आणि सत्कार सुरू झाले. फेटे बांधायला खास माणूस बोलावला होता. मोठे डॉक्टर, संस्थाचालक, संस्थाचालकांचे व्याही, हॉलचे मालक, मागच्या वर्षी ज्यांचा सत्कार राहून गेला ते. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ आणि वर प्रत्येकाचे चार शब्द. एकाने सांगितलं, समुपदेशकाने रोज सकाळी आरशात बघून हसावं. टाळ्या पडल्या. दिवसभर दुसऱ्यांची मरणं ऐकून घरी जाणारी माणसं समोर बसली होती, आणि त्यांच्या हातात हे आरसा देत होते.

जेवणानंतर माझा तास आला. सूत्रसंचालकाने जाहीर केलं की वेळेअभावी हे सत्र रद्द करून आपण सांगलीच्या मॅडमांचा सत्कार करू. म्हणजे माझा तास माझ्याच डोक्यावर बांधणार होते. स्टेजवर जाऊन मी आयोजकांना म्हटलं, “शाल राहू द्या. माझा तास द्या.”

“मॅडम, घरचंच कार्य आहे,” ते कानाशी येऊन म्हणाले, “जरा समजून घ्या.”

घरचंच होतं, यात शंका नाही. मी उतरून बाहेर आले. मोठे डॉक्टर बेसिनपाशी कानावर घसरलेला फेटा सारखा करत होते. मी तिथेच उभ्याने सगळं सांगितलं. त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

“त्या धाकट्याला बरं करायचंय,” त्यांनी विचारलं, “की थोरल्याची परतफेड करायचीय?”

मी भडकले. तुम्हाला काय माहीत, म्हणाले.

“माहीत नाही. म्हणून तर विचारतोय.”

परतफेड, मी म्हणाले.

“मग त्याला दुसऱ्याकडे पाठवा. आणि तुम्हीही कोणापुढे तरी बसा.”

आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. फेटा डोक्यावर ठेवून ते निघून गेले. एक फेटा बांधायला लागतो तेवढाही वेळ यात गेला नव्हता. ज्याला हे येतं, तो माणूस सकाळपासून स्टेजवर बसून आरशाला टाळ्या वाजवत होता. बाकीच्यांची मला कीव येते, त्यांना मुळात काही येतच नाही. या एकाचा मात्र संताप येतो.

सोमवारी धाकट्याचा फोन आला. मी माझ्याच गाडीतून साताऱ्याला आलेल्या एका समुपदेशकाकडे जायला सांगितलं. त्यांच्याशी आधी बोलले होते. बोलताना रडलेही होते.

तो म्हणाला, “म्हंजे तुमी आमाला भ्यालाय व्हय?”

“व्हय,” मी म्हणाले. “ते न्हाईत भ्यालेले. त्यांच्याकडं जा.”

“किती वाजता जाऊ?” त्याने विचारलं.