या गाडीला भोक पाडायचं नाही

ज्याच्याकडे गाडी असते त्याच्याकडे गॅरेजची बिलं साठतात, आणि ज्याच्याकडे नसते त्याच्याकडे किस्से. बँकेच्या नोकरीत मी चेन्नईत सात वर्षं काढली. स्वतःची म्हणून एक सायकल होती, पण दर रविवारी पहाटे मी कुणाच्या ना कुणाच्या गाडीत, चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेला असायचो. चालवणाऱ्याला रस्ता बघावा लागतो. बाकीचं सगळं बघायला आणि ऐकायला शेजारचा मोकळा. असं बसून बसून इतकं साठलंय की पुण्यातले मित्र म्हणतात, हा बघा, गेला पुन्हा चेन्नईला.

गेलोच म्हणा. डोळे मिटले की अजून ती पहाट दिसते. मरीनाचं दीपगृह, पाण्यावर राखाडी उजेड, आणि रस्त्याच्या कडेला एकामागे एक उभ्या असलेल्या दोन दुधी रंगाच्या जुन्या पद्मिनी गाड्या.

पुढची साठ्यांची. साठे मूळ पुण्याचे, रेल्वेच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि हाताला सतत पान्याची सवय. मागची राव सरांची. राव सर शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले, तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडून निघालं आणि तमिळ मुलखात वाढलं. दोन्ही गाड्या एकाच सालच्या, पण साठ्यांचं म्हणणं, गाडीत दरवर्षी काहीतरी सुधारलं पाहिजे. त्यांनी बकेट सीट बसवल्या, गिअर स्टिअरिंगवरून खाली फ्लोअरवर आणला, पुढे डिस्क ब्रेक घातले. राव सरांचं म्हणणं, गाडी जशी आली तशी राहिली पाहिजे. त्यांनी इतक्या वर्षांत गाडीला फक्त पाणी, ऑइल आणि पेट्रोल दिलं होतं.

या दोघांत बारा वर्षं कुस्ती चालू होती. तिसरी वैशाली. शहराच्या दक्षिण टोकाला सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपनीत, पाच वर्षांत तिसरी नवी गाडी. तिच्या मते हे दोघेही वेडे होते, आणि दोघांना एकच औषध होतं, विका आणि नवी घ्या!

*

साठ्यांनी पद्मिनीला एसी बसवला तो रविवार मी विसरणार नाही. काचा बंद, आत गारवा, आणि आम्ही साहेबासारखे ईस्ट कोस्ट रोडने महाबलीपुरमकडे निघालेलो. बाहेर सुरूची बनं जात होती, मिठागरांवर धुकं होतं, आणि साठे दर दोन मिनिटांनी विचारत होते, "थंडी वाजत नाही ना?"

मुत्तुकाडूच्या पुलाच्या चढावर गाडीचा दम गेला. एसी आणि चढ या दोन गोष्टी एकदम करायला ती तयार नव्हती. साठ्यांनी एसी बंद केला तर काचा उघडेपर्यंत आतल्या आत आमची इडली होऊ लागली. तेवढ्यात मागून राव सर आले. चाळिसाच्या स्पीडने, कोपर खिडकीबाहेर, शांतपणे पुढे निघून गेले.

चहाच्या टपरीवर आम्ही घामाघूम पोचलो तेव्हा त्यांची कॉफी संपत आली होती. ते साठ्यांना एवढंच म्हणाले, "वारा बाहेर आहेच कीं. आंत घेऊन फिरायचा कशाला?"

*

त्याच वर्षी राव सरांच्या घरी एक प्रश्न निघाला. त्यांचा मुलगा कार्तिक सिरुसेरीलाच नोकरीला. त्याने ऑफिसजवळ फ्लॅट घेतला आणि आई-वडिलांना मैलापूरचं भाड्याचं घर सोडून तिकडे यायला सांगितलं. मुलगा गुणी, बोलणं सरळ. फ्लॅटला पार्किंग एकच होतं. तेव्हा जुनी विकायची, आयुधपूजेला नवी गाडी आणायची, आणि ती वडिलांनीही हवी तेव्हा चालवायची. यात चूक काढायला जागाच नव्हती, आणि म्हणूनच राव सर गप्प झाले.

मला मात्र त्यांनी एकदा सांगितलं. आम्ही महाबलीपुरमच्या किनाऱ्यावर बसलो होतो, सूर्य नुकता पाण्यातून सुटला होता, आणि साठे लांबवर बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते.

"शाळा सुटली तेव्हां मला कांहीं वाटलें नाहीं," राव सर म्हणाले. "ही सुटली तर मी घरीं बसेन. आणि कुलकर्णी, एकदां बसलों कीं मी उठणार नाहीं."

त्या उजेडात दोघांची तोंडं समुद्राकडे होती ते बरं झालं.

*

एग्मोर स्टेशनच्या मागे पुदुपेट आहे. तिथे जुन्या गाड्यांचा कुठलाही सुटा भाग मिळतो. साठे मला तिथे ओझं उचलायला न्यायचे. नवीन काही बसवलं की निघालेला जुना भाग ते तिथल्या खासिमभाईंच्या दुकानात टाकून यायचे.

त्या शनिवारी दुपारी आम्ही शिरलो तर स्टुलावर राव सर बसलेले. मांडीवर स्टिअरिंगची हॉर्न रिंग, आणि ते ती धोतराच्या सोग्याने पुसत होते. साठ्यांनी ती ओळखली. त्यांनीच चार महिन्यांपूर्वी काढून टाकली होती!

मग खासिमभाईंनी हसत हसत तमिळमध्ये सगळा उलगडा केला. गेली बारा वर्षं साठे जे टाकून जातात ते हे सर घेऊन जातात. गिअरचा दांडा, डॅशबोर्डचं घड्याळ, मागचे दिवे, सगळं. एकाने काढायचं, दुसऱ्याने लावायचं, आणि मध्ये खासिमभाईंनी चहा प्यायचा.

म्हणजे राव सर ज्या गाडीला अस्सल म्हणून मिरवत होते ती अर्धीअधिक साठ्यांची होती. आता जुंपणार म्हणून मी सरसावून बसलो. साठ्यांनी ती रिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "डावीकडे दाबली तरच वाजते ती."

"ठाऊक आहे," राव सर म्हणाले. "ह्याआधीं लावलेलीही तुमचीच होती."

*

वैशालीने एकदा राव सरांना आपल्या नव्या गाडीतून फिरवून आणलं. त्यांना नव्या गाडीची गोडी लागावी, म्हणजे कार्तिकच्या घरचा प्रश्न सुटेल, असा तिचा हेतू. सर पुढे बसले, काच खाली करायला हँडल शोधलं, सापडलं नाही, मग हात मांडीवर घेऊन बसले. गाडीत आवाज नाही, हादरा नाही, गारवा बेताचा. अड्यारचा पूल ओलांडायच्या आत ते गाढ झोपले.

परत आल्यावर तिने मोठ्या आशेने विचारलं, सर, कशी वाटली?

"उत्तम," राव सर म्हणाले. "पण जींत झोंप लागते ती रेल्वे, अम्मा. गाडी नव्हे."

वैशाली हिरमुसली, आणि साठे कारण नसताना रेल्वेच्या बाजूने चिडले.

*

मग साठ्यांनीच तोड काढली. राव सरांच्या गाडीला एसी बसवला, पॉवर स्टिअरिंग केलं, तर सूनबाई नातवाला घेऊन तिच्यात बसेल, मग नव्या गाडीची गरजच काय! कार्तिकला हे पटण्यासारखं होतं. राव सर तीन दिवस जेवले नाहीत आणि चौथ्या दिवशी हो म्हणाले.

साठे ड्रिल घेऊन मैलापूरला गेले. मी एक्स्टेंशन बोर्ड धरायला. एसीसाठी डॅशबोर्डला सहा भोकं पाडायची होती. राव सरांनी घरातून खडू आणून दिला. साठ्यांनी मापं घेऊन सहा खुणा केल्या. सरांनी वाकून पाहिलं आणि त्यातली एक दोन मिलिमीटर सरकली आहे असं सांगितलं. ती पुसून पुन्हा केली. मग सर दाराला धरून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

ड्रिल सुरू झालं. टोक पत्र्याच्या अगदी जवळ गेलं आणि तिथेच घरघरत राहिलं. पत्र्याला टेकलंच नाही. साठ्यांनी ते बंद केलं, ओल्या फडक्याने सहाच्या सहा खुणा पुसल्या आणि वायर गुंडाळायला लागले.

"बिट बोथट आहे," ते म्हणाले.

बिट त्यांनी सकाळीच आणलं होतं. त्याचं कागदी वेष्टन माझ्या खिशात होतं.

*

एसीचा बेत तिथेच बारगळला, आणि आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, तिकडे रस्त्यावरची प्रत्येक गाडी, रिक्षा, हातगाडी गंध लावून आणि केळीचे खांब बांधून उभी असते. हवेत कापराचा वास आणि फुटलेल्या कोहळ्यांवर पडलेलं कुंकू. साठे आणि मी मैलापूरला पोचलो तेव्हा कार्तिकची चकचकीत नवी गाडी दारात आली होती. तिच्या शेजारी राव सरांनी जुनीलाही न्हाऊमाखू घातलं होतं आणि तिचं गिऱ्हाईक यायचं होतं.

गिऱ्हाईक आलं. बोलायला गोड, किंमत चांगली, गाडीला एक फेरी मारूनही पाहिली नाही. फक्त विचारलं, पेट्रोलची टाकी किती लिटरची? राव सरांना नवल वाटलं. चौकशी केली तेव्हा कळलं की तो कोडंबाक्कमच्या एका सिनेमावाल्याचा माणूस होता. क्लायमॅक्सला उडवून द्यायला त्यांना एक गाडी हवी होती!

राव सर खाली पायरीवर बसले. कार्तिकचाही चेहरा उतरला, त्याला हे ठाऊक नव्हतं. साठे पुढे झाले आणि म्हणाले, "मी घेतो."

"तुम्ही भोंकें पाडाल."

"नाही पाडणार."

"लिहून द्या."

राव सरांनी वहीचं पान फाडून दिलं. साठे, पंचावन्न वर्षांचे, हाताखाली दोनशे माणसं, शाळकरी पोरासारखे पायरीवर बसले आणि लिहू लागले, 'मी या गाडीत नवीन काहीही बसवणार नाही.' राव सरांनी चष्मा लावून वाचलं, लाल पेन मागवलं आणि खाली लिहिलं, 'आणि जुने काढणारही नाही.' मग सही घेतली.

चार चाकांखाली चार लिंबं ठेवली होती. साठे ती चिरडून गाडी फाटकाबाहेर घेऊन गेले. राव सर आत निघून गेले. निरोपाला ते थांबले नाहीत.

*

आता शेवटचा किस्सा सांगतो. हा मी स्वतः गॅलरीतून पाहिलेला आहे, कारण माझी खोली अयनावरमला साठ्यांच्या रेल्वे क्वार्टरला लागूनच होती.

राव सर सिरुसेरीला राहायला गेले. तिथून अयनावरम म्हणजे शहराचं दुसरं टोक. पहिल्याच रविवारी भल्या पहाटे साठ्यांनी त्यांना फोन केला की तुमची गाडी काही केल्या स्टार्ट होत नाही, मला कळेना. दोन बस बदलून राव सर सातला हजर! बॉनेट उघडलं. कॉइलची जाड वायर निसटलेली. त्यांनी ती बसवली, इंजिन अर्ध्या चावीत सुरू झालं, आणि त्यांनी रेल्वेच्या इंजिनिअरांविषयी जे मत दिलं ते सगळ्या कॉलनीने ऐकलं. मग आलोच आहे तर एक चक्कर मारून बघतो म्हणाले. ते चालवायला, साठे शेजारी, मी मागे. ती चक्कर महाबलीपुरमपर्यंत गेली. पुढच्या रविवारी पुन्हा फोन, पुन्हा तीच वायर. त्याच्या पुढच्याही.

एका शनिवारी संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतो. साठे आणि वहिनी भाजी घेऊन राव सरांच्या त्याच पद्मिनीतून आले. गाडी छान चालत होती. वहिनी वर गेल्यावर साठ्यांनी बॉनेट उघडलं, आत हात घातला, बॉनेट लावलं आणि हात पुसत निघून गेले.

असे तीन महिने गेले. पोंगल झाला, आणि एका शुक्रवारी साठे तापाने आडवे पडले. शनिवारी ते खाली उतरलेच नाहीत, आणि रविवारी फोनही गेला नाही. वहिनींनीच मला तसं सांगितलं होतं.

सात वाजता राव सर फाटकातून आत आले. कडुलिंबाखाली गाडी उभी होती, कोवळं ऊन होतं, आवारात कुणी नव्हतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली. गाडी विकताना दुसरी किल्ली हरवली आहे असं त्यांनी सांगितलं होतं. आत बसून त्यांनी चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

त्यांनी ती बंद केली. थोडा वेळ स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून राहिले. मग उतरले, इकडेतिकडे पाहिलं, बॉनेट उघडून कॉइलची जाड वायर उपटली, बॉनेट लावलं आणि साठ्यांच्या खिडकीखाली जाऊन हाक मारली,

"साठे! अहो साठे, खालीं या. गाडी पुन्हा बिघडली आहे."