खुराडं बघायला आलेली माणसं

नागावच्या आमच्या वाडीत माझ्या थोरल्या जाऊबाईंनी गावठी कोंबड्या पाळल्या होत्या. अंडी भरपूर, पण गिऱ्हाईक नाही. आसपासच्या होमस्टेंमध्ये उतरलेले पाहुणे आमची लहानशी तपकिरी अंडी हातात फिरवून बघत आणि म्हणत, "हल्ली पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवतात हो!" भाव ऐकला की परत ठेवून देत.

एका रविवारी सकाळी पुण्याच्या एका बाईंनी मात्र वेगळंच विचारलं. "कोंबड्या ठेवता कुठे?"

"चला, दावते," म्हणून जाऊबाई चालूही लागल्या.

त्यांनी खुराड्याची फळी ओढली. कोंबड्या एकमेकींवर आदळत बाहेर पडल्या आणि पोफळींखालचा पाला उकरायला लागल्या. एक आतच टोपलीत बसून राहिली. थोड्या वेळानं ओरडत उठली, तर खाली अंडं!

"अहो, गरम आहे!" बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की रस्त्यावरची माणसं कुंपणाशी गोळा झाली. रोजचीच गोष्ट, पण मलाही असा काही हुरूप चढला! धावत जाऊन घरातली सगळी अंडी घेऊन आले. हातोहात गेली.

बाईंनी व्हिडिओ काढून ओळखीपाळखीच्यांना पाठवला होता. पुढच्या शनिवारी फाटकाशी गाड्या उभ्या! लोक आधी खुराडं बघत, मग अंडी मागत. भावाचं नाव कुणी काढेना. मी 'मोकळ्या कोंबड्यांची अंडी' म्हणून सांगत होते; एका तरुणाला मात्र त्या रात्री कोंडतात हे खटकलं. "मग मोकळ्या कशा म्हणता?"

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "रातच्याला मुंगूस येतंय. न्हाय कोंडल्या तर सकाळी नुसती पिसं मिळतील."

तो हसला आणि पिशवी भरून अंडी घेऊन गेला. त्याच दुपारी मी पत्र्यावर रंगानं लिहिलं, 'दिवसा वाडीत, रात्री खुराड्यात. आत येऊन बघा.'

मग अंडी पुरेनात. बाजारातला एक व्यापारी पोल्ट्रीची अंडी मिसळायचं सुचवायला आला. "कुणाला कळतंय, वहिनी?"

"आणि त्या कोंबड्यांचं घर बघायला मागितलं, तर कुठनं दावू?" जाऊबाईंनी विचारलं. तो चहा न घेताच गेला.

आता दुसरं खुराडं बांधतोय. चिरे रचताना गिऱ्हाइकंच मध्ये उभी राहून सांगतात, वारा इकडून येतो, जाळी तिकडे लावा!