जालिंदरदादा आणि डार्करूममधली पाच मिनिटं

माझ्या चुकीमुळे जालिंदरदादांच्या हातातलं एक्स-रे मशीन जाणार होतं.

आज सकाळी दादा गेले.

नव्वदच्या दशकात पलूसकडच्या एका टीबी दवाखान्यात ते एक्स-रे काढायचे आणि मी डार्करूममध्ये फिल्म धुवायचो. दादांचं शिक्षण नववी नापास. पण फिल्मवर पेशंटचं नाव कधी चुकीचं लिहिलं नाही.

टीबीच्या पेशंटचा छातीचा फोटो एकदा काढून भागत नाही. औषध संपेपर्यंत पुन्हा पुन्हा काढावा लागतो.
म्हणून साताऱ्याहून एक डॉक्टर मॅडम आल्या. एका फोटोला जास्तीत जास्त किती रेडिएशन चालेल, याची मर्यादा त्यांना ठरवायची होती. पेशंटच्या पाठीवर त्या बारीक चकत्या चिकटवायच्या. किती किरणं लागली, ते त्यावरून कळायचं.

काही आठवड्यांनी सगळ्या दवाखान्यांचे आकडे आले. सगळ्यांत जास्त आमचे.

"फोटो तर छान आहेत. मग एवढं एक्स्पोजर कशाला?"

"कमी लावलं की फोटो पांढरा येतोय, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, तसं वर कळवावं लागेल. तोवर दादांनी मशीनला हात लावायचा नाही, केसपेपरला बसायचं.

मी दाराआड उभा. हात ओले.

कारण चूक कुठे होती, ते मला तेव्हा कळलं.

फिल्म डेव्हलपरच्या रसायनात पाच मिनिटं ठेवायची असते. पण विट्याकडच्या पेशंटना एसटी गाठायची असायची, दारात गर्दी. मी लाल दिव्यात बघायचो, बरगड्या दिसल्या की दोनच मिनिटांत उचलायचो. फोटो फिका यायचा. मग दादा एक्स्पोजर वाढवायचे. फोटो पुन्हा चांगला.
कुणालाच काही कळलं नाही. मलाही नाही, त्या दिवसापर्यंत.

नळावर दादांना गाठून सगळं सांगितलं.

"आन् मी येड्यावानी मशीनला शिव्या घालतोय."

तुम्हीच मॅडमना सांगा, म्हणालो.

"मी सांगितलं तर पोराला पुढं केलं म्हणत्याल. तूच बोल रं. मी शेजारी हुबा हाय."

बोललो. दादा शेजारी उभे.

मॅडमनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

पुढची पेशंट उंब्रजची एक बाई. दादांनी एक्स्पोजर उतरवलं. मी आत सेकंद मोजत होतो. फोटो फिका आला, तर त्या बाईचा परत काढावा लागणार. आणि दादा केसपेपरला.

पाच मिनिटं. उचलली.

डाव्या फुप्फुसात वर टीबीचा डाग. स्पष्ट.

मॅडमनी आमचे जुने आकडे रद्द करून नव्याने मोजले. मर्यादा ठरली, तेव्हा आम्ही तिच्या आत होतो. मशीन दादांकडेच राहिलं.

गेल्या महिन्यात सांगलीत दादांच्याच छातीचा फोटो काढायला गेलो. सगळं कॉम्प्युटरवर. दादांनी तिथल्या मुलीला विचारलं, "किती लावलंस गं?"
तिने सांगितलं.
दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "आपल्यापरास लय कमी हाय."

आज त्यांच्या शेजारी मी उभा होतो.

बरं दादा, या आता.