चार कोर, आठ कोर

येरमाळ्याच्या स्टँडसमोर माझी लेक सुषमा जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकते. मी दिवसभर तिथं बसून असतो. शाळा काय शिकलो न्हाय, पण त्या दुकानातले किस्से डोक्यात असे साठलेत, की एक आठवला की मागून चार उठतात. आन् प्रत्येकानं मला हादरवलंय!

*

पहिला धक्का प्रोसेसरचा. सुषमानं तळहातावर बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा ठेवला. "आबा, हा कॉम्प्युटरचा मेंदू."

"एवढासाच?"

"ह्यात चार कोर हायत. त्या दुसऱ्यात आठ."

मी चाटच पडलो! आमच्यात कोर म्हणजे भाकरीचा चौथा हिस्सा. "म्हंजी ह्यात एक भाकर आन् त्यात दोन?"

सुषमा हसून हसून खाली बसली. माझी नात पल्लवी मात्र हसली न्हाय. "आई, तसंच तर हाय की गं!"

*

दोन्ही प्रोसेसर जुने. चार कोरवाला चपळ, आठ कोरवाला माझ्यासारखा संथ. त्यातला एक पल्लवीला मिळणार होता. तिला गेमचं लई वेड. पण सुषमाची अट कडक. "गेम आन् कॉलेजचं प्रोजेक्ट, दोन्ही एकदम चाललं पायजे. दोन्ही प्रोसेसर हँग झाले, तर गेम कायमचा बंद!"

आधी चार कोरवाला लावला. गेम वाऱ्यासारखा पळाला! मग पल्लवीनं मागं प्रोजेक्टचा व्हिडिओ बनवायला लावला, आन् गेममधला गडी एक पाय वर करून तसाच थिजला.

मी घाबरलो. "मेला का काय गं?"

"न्हाय आजोबा. भाकर संपली."

*

मधेच एक दिवस भूमचे एक मास्तर मशीन घेऊन आले. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर पांढरी पेस्ट लावतात, वर पंखा बसवतात. मास्तर म्हणाले, "घरीच साफ केलं, नवी पेस्ट लावली. तरी दोन मिनिटांत बंद पडतंय."

सुषमानं पंखा उचलला आन् किंचाळली, "मास्तर, हे काय लावलंय?"

मास्तरांनी शांतपणे खिशातून डबी काढली. चुना!

माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, मग तंबाखू कुठं टाकली?"

*

आठ कोरवाला बसवताना पल्लवीच्या हातून निसटला. त्याच्या खालच्या अंगाला केसासारख्या बारीक पिना असतात. एक अख्खी ओळ वाकली!

"झालं," सुषमा म्हणाली. "दुसरा न्हाय आपल्याकडं."

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी. मी गोधडीची सुई मागितली.

"आबा, हात लावू नका! एक तुटली तरी संपलं."

"मला कुठं गाडी पकडायचीय?" म्हणलं, आन् बसलो. एक पिन, मग दुसरी. सकाळी बसलेला दुपारच्या चहाला उठलो. एक बी तुटली न्हाय.

सुषमा भिंग घेऊन बघतच राहिली. "आबा, तुम्ही शिकला असता तर..."

"तर घाई केली असती."

*

प्रोसेसर बसवला. गेम सुरू केला, मागं व्हिडिओ सुरू केला. आम्ही तिघं पडद्याला डोळे लावून उभे. जरा संथ चालला, पण थांबला न्हाय! पल्लवीनं मला मिठीच मारली.

सुषमाचा मात्र विश्वास बसंना. "सरक, मी बघते."

"आई, एकच डाव हं!"

दहा-बारा दिवसांनी आठ कोरवालं आणखी एक जुनं मशीन दुकानात आलं, आन् दुसऱ्याच दिवशी एक पाहुणे दारात आले. "ताई, कॉम्प्युटर पायजे. गेम बी चालावा आन् काम बी व्हावं." सुषमा पल्लवीच्या मशीनवर खेळत होती. पल्लवी मागं उभी राहून आपल्या डावाची वाट बघत होती.

पडद्यावरची नजर न हलवता सुषमा म्हणाली, "आबा, यांना त्या कालच्या दोन भाकरी काढून द्या."

पाहुणे दोन पावलं मागं सरकले. "न्हाय न्हाय ताई, म्या जेवून आलोय!"