उशिराचा दाखला

ज्या विद्यापीठात मी आयुष्यभर कारकुनी केली त्याचं नाव सांगणार नाही. पेन्शन अजून तिथूनच येते.

लढाईचे दिवस होते. आमचं गाव खालापूरच्या अलीकडे, भाताच्या खाचरांमध्ये, कचेरी शहरात. पहाटे सर्व्हिस मोटारीने कर्जत गाठायचं, तिथून आगगाडी, उतरल्यावर पुन्हा पायपीट. खोपोलीहून कर्जतला शटल यायची, पण ती पोचेपर्यंत आमची गाडी बदलापूर ओलांडून गेलेली असायची. मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. तेवढ्यात हजेरीपटावर उशिराच्या पाच लाल फुल्या पडल्या की घरी बसायचं, नाहीतर कायम. आमच्या घराण्यात दरमहा पगार आणणारा मी पहिलाच, त्यामुळे माझ्या फुल्या अख्खं गाव मोजायचं. विहिरीवरच्या बायासुद्धा विचारायच्या, "किती झाल्या रं?"

तिसऱ्या महिन्यात तीन झाल्या होत्या.

अशात कचेरीने नोकरवर्गाच्या जाण्यायेण्याच्या सोयींविषयी परिपत्रक काढलं. काय थाट होता! चार पानं, वर विद्यापीठाचा शिक्का. नोकरांनी ट्रामचा लाभ घ्यावा. बसचा लाभ घ्यावा. सायकलने येणाऱ्यांसाठी मागच्या अंगणात पत्र्याची शेड बांधून मिळेल. आता मी खालापुराहून सायकल मारत निघालो असतो तर त्या शेडीत सायकल नव्हे, मलाच टेकवून ठेवावं लागलं असतं. हे सगळं लिहिलं होतं हेडक्लार्कनी, आणि ते राहायचे कचेरीसमोरच्या चाळीत. त्यांचा प्रवास म्हणजे रस्ता ओलांडणे. तोही पोलीस हात दाखवील तेव्हा.

पण शेवटच्या पानावर एक कलम माझ्या कामाचं निघालं. वाहन उशिरा पोचल्यास चालकाचा दाखला आणावा, म्हणजे लाल फुली माफ होईल. मी ते तीनदा वाचलं आणि मनातल्या मनात हेडक्लार्कच्या पाया पडलो.

कारण आमची मोटार उशिरा पोचायचीच. पेट्रोल रेशनवर, म्हणून मालकाने मागे कोळशाच्या गॅसचा बंब बसवून घेतला होता. सकाळी बंब पेटवायचा, पंख्याचं हँडल फिरवत बसायचं, अर्ध्या तासाने गॅस धरला तर धरला. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. म्हणजे तिकीट काढून चालत जायचं, शिवाय मोटार बरोबर न्यायची. ड्रायव्हर चाळिशीतला, आमच्याच बाजूचा, तोंडाचा फटकळ पण मनाचा मऊ. एकदा गाडी चुकल्यावर मी दाखला लिहिला आणि त्याने कोळशाच्या हाताने खाली अंगठा उठवला.

हेडक्लार्कनी तो कागद चिमटीत धरला. "अहो, हे विद्यापीठ आहे! इथे अंगठा चालत नाही. सही आणा." आणि चौथी फुली मारली.

मी फणफणत येऊन ड्रायव्हरला सांगितलं. तो आधी हसला, मग स्वतःचा काळा अंगठा न्याहाळू लागला. "माज्या अंगठ्यापायी तुजी नोकरी जानार काय रं?" म्हणाला. "शिकव मंग सही."

मग रोज बंब तापेपर्यंत आमची शाळा भरायची. पाटी म्हणजे मोटारीचा पत्रा, पेन्सिल म्हणजे कोळसा. मी हँडल फिरवायचो आणि तो लिहायचा. कर्जतच्या बाजाराला निघालेली भाजीवाली म्हातारी आतून ओरडायची, "अरं ए, मोटार हाकतोस का परीक्षेला बसतोस?" सही त्याला पंधरवड्यात आली. त्या सहीने मला दोनदा वाचवलंही; कारणाच्या जागी मी 'चढ' असं लिहून मोकळा व्हायचो. पण गडी तेवढ्यावर थांबेना. "निस्ती सही काय कामाची? वर काय लिवलंय ते मला कळाया नको?" आता तो मला मास्तर म्हणायला लागला, अहोजाहो करायला लागला. बघता बघता पत्र्यावर सबंध वाक्यं उमटायला लागली. विद्यापीठाने त्या वर्षी किती पदवीधर बाहेर काढले मला ठाऊक नाही, पण आमच्या तालुक्यात त्याच्या परिपत्रकाने एक माणूस साक्षर केला, हे मान्य करायला हवं.

सहावा महिना संपायला आठवडा उरला होता. त्या सकाळी त्याला एक जोडाक्षर काही केल्या जमत नव्हतं. मी हँडल सोडून त्याचा हात धरून गिरवून घेत बसलो आणि तिकडे बंब विझला. पुन्हा पेटवून कर्जतला पोचलो तेव्हा आमची गाडी स्टेशनातून बाहेर पडत होती. तिचा शेवटचा डबा तेवढा मला दिसला. मी फलाटावर धावलो, मागोमाग ड्रायव्हर, आणि मला रडूच फुटलं. पाचवी फुली!

"रडू नगा मास्तर," ड्रायव्हर म्हणाला. "दाखला कशाला हाय मंग? आना कागुद." फलाटावरच्या बाकावर बसून, ओठांत जीभ धरून, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: "आज मोटार उशीरा आली. कारकून येळेवर आला होता. चूक माझी हाय." खाली सही. अक्षर सुटं, टपोरं.

शेवटचं वाक्य मला खटकलं. हँडल कुणी सोडलं होतं ते आम्हां दोघांनाही माहीत होतं. एवढं खोडा, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण लगेच मनात आलं, चूक कबूल केलेली असली म्हणजे हेडक्लार्कला बोट ठेवायला जागा उरणार नाही. मी कागदाची घडी करून खिशात घातली. त्या घडीची मला आजही लाज वाटते.

हेडक्लार्क खूश झाले. "वा! याला म्हणतात दाखला. कारण आहे, जबाबदारी आहे, सही आहे. भाषा तेवढी गावंढळ." फुली पडली नाही. पुढच्या आठवड्यात मी कायम झालो आणि आमच्या घरच्यांनी गावभर पेढे वाटले.

मात्र परिपत्रकात खाली बारीक टाइपात आणखी एक कलम होतं, ते मी वाचलं नव्हतं. चालकाने चूक मान्य केल्यास दाखल्याची नक्कल वाहनमालकाकडे पाठवावी. ती विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी गेली: आपल्या चालकाने चूक लेखी कबूल केली आहे, तरी योग्य ती कारवाई करून कळवावे. मालकाने ती मिळाली त्याच संध्याकाळी ड्रायव्हरला काढून टाकलं. मोटार काय, रोजच उशिरा जायची. पण आजवर तसं कुणी लिहून दिलं नव्हतं.

मी मालकाकडे गेलो, हातापाया पडलो, चूक खरी माझी होती म्हणालो.

"असं? मग तसं लिहून द्या," तो म्हणाला.

मी लिहून दिलं नाही. नुकताच कायम झालो होतो.

महिन्याभराने ड्रायव्हर मला कर्जतच्या भाताच्या गिरणीवर दिसला. पाठीवर गोण, केसांत कोंडा. आता हा चारचौघांत शिव्या घालील असं वाटलं, आणि त्याने घालाव्यात असंही अगदी मनापासून वाटलं. गोण उतरवून, घाम पुसत तो माझ्याकडे आला.

"कायम झालात ना, मास्तर?"

"झालो."

"मंग बरं झालं." तो जायला वळला, घुटमळला आणि लाजतच त्याने विचारलं, "तितं सगळे येवढे शिकलेले लोक. माजं अक्षर लागलं का त्यांना?"

"लागलं," मी म्हटलं. "अगदी स्पष्ट लागलं."