लवंगेच्या तेलावर झोपलेले कटले

लोक माहेरी साडी नेतात, लाडू नेतात. मी सहा कटले मासे नेले. चांगले उचलायला दोन हात लागतील एवढे, जिवंत, आणि झोपवून! अजूनही आठवलं की मी स्वयंपाकघरात एकटीच फिस्सकन हसते.

झालं असं, माझ्या धाकट्या भावानं नागपूरची नोकरी सोडून कोंढ्याला बाबांच्या शेतात, धानाच्या बांदीत तळं खोदलं. त्याला मत्स्यबीज तयार करायचं होतं. त्यासाठी अंड्यावर आलेले नर-मादी मासे लागतात आणि ते होते आमच्या सासरच्या, लाखांदूरकडच्या तळ्यात. पहिल्या खेपेला भावानं नेले, तर रस्त्यात टाकीला धडका मारून मारून सगळे मेले. बाबांनी ते आळीत वाटून टाकले. आळीनं बोटं चाटत रस्सा खाल्ला आणि वर भावाला विचारलं, "पुढची खेप कधी बाप्पा?" बाबा मात्र हसले नाहीत. "पुन्हा एक डाव मेले का, मी हा खड्डा बुजवतो अन् धान रोवतो. तू जा वापस नागपूरले." भाऊ त्या दिवशी जेवला नाही. बाबांचा मला असा राग आला म्हणता!

मृग तोंडावर आला होता आणि मासे अंडी सोडतात ती पावसाळ्यातच, म्हणजे हीच शेवटची संधी. मासेपालनाच्या प्रशिक्षणात मी ऐकलं होतं की पाण्यात लवंगेचं तेल अगदी थोडं टाकलं की मासा गुंगतो, धडपडत नाही, प्रवास सोसतो. मी तेल आणलं, कोमट पाण्याच्या बाटलीत थेंब टाकून खळाखळा हलवलं आणि बेतानं टाकीत ओतलं. अगं बाई! ते दांडगट कटले बघता बघता गरीब झाले. मी टाळ्याच पिटल्या. यांनी पिकअप काढली, सगळी गाडी लवंगेनं घमघमली आणि आम्ही नवरा-बायको कारण नसताना खिदळत निघालो.

आता आमच्या यांची एक खोड सांगते. हे पंगतीत वाढायला उभे राहिले की कुणी अर्धपोटी उठेल ही बातच नाही. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला तरी हे बोटांच्या फटीतून वाढतात. पवनीच्या अलीकडे मी चहा सांगायला उतरले, तेवढ्यात यांनी टाकीत डोकावलं. एका कटल्यानं शेपटी हलवली. बिचारा जागून राहिला, म्हणून यांनी बाटलीतलं आणखी ओतलं. पवनीच्या पुढे थांबलो तेव्हा पुन्हा ओतताना मी पाहिलं.

"अजी, हे काय करून राहिले?"

"अवो, थोडंसंच तर वाढलं!"

वाढलं म्हणे! माशाला आग्रह! मी कपाळावर हात मारून घेतला आणि तरी मेलं हसू आवरेना.

कोंढ्याला पोचलो तर अंगणात सगळी आळी हजर. बाया घरून मसाला वाटूनच आल्या होत्या, हातात गंज-पातेली, कटोरे. शेजारची काकू मला म्हणाली, "बाई, डोकं मले देजो हं." टाकीचं झाकण काढलं. सहाही कटले पोट वर करून निपचित. जावयाला बोलायची सोय नाही, म्हणून बाबा भावावरच कडाडले, "घे! झाला तुया धंदा?" मग जावयाला पाय धुवायला पाणी दिलं, चहा सांगितला आणि एक कटला उचलून पावशीवर कापायला घेऊन चालले.

"बाबा, थांबा! झोपून हाये तो!"

अंगण असं खदखदलं! काकू भिंतीला टेकून डोळे पुसत म्हणाली, "मेलेल्याले झोपला म्हणते पोट्टी!" मी धावले आणि बाबांचं बोट धरून माशाच्या कल्ल्यावर टेकवलं. काहीच नाही. मग कल्ला उघडला. मिटला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तळ्यात न्या, बाबा! ताजं पाणी पाहिजे त्याले!"

आम्हाला ताप आला तेव्हाही बाबा असे धावले नसतील. कटला छातीशी धरून ते पुढे, मागे मी आणि भाऊ, आमच्यामागे गंज-कटोरे घेऊन आळी. धोतरासकट बाबा कमरेएवढ्या पाण्यात शिरले. मी काठावरून ओरडत होते, "तोंड पुढं ठेवा, हळूहळू चाला, कल्ल्यात पाणी जाऊ द्या!" बाबा त्याला दोन्ही हातांवर घेऊन पाण्यात फेऱ्या घालू लागले. "उठ बाप्पा, उठ ना." बराच वेळ मासा तसाच. हसणं थांबलं. मला रडू यायला लागलं. आणि मग त्या कटल्यानं शेपटीचा असा फाडकन तडाखा दिला की बाबांची टोपी उडाली आणि मासा खोल पाण्यात पसार!

आळीनं एकच गिल्ला केला. "गेला माया रस्सा!" म्हणत काकूच सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या पिटत होती. भाऊ मात्र काठावर मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडायला लागला.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही या बाहेर. बाकीचे आम्ही सोडतो."

बाबांनी ऐकलंच नाही. तोंडावरचं पाणी पुसलं, भावाकडे वळले आणि दोन्ही हात पुढे केले.

"कायले रडून राहिला बे? दुसरा आण, लवकर!"

सहावा पोहून जाईस्तोवर ते त्या तळ्यातून बाहेर आले नाहीत.